तातडीचे दार



मोठ्या रुग्णालयाला दारे पुष्कळ असतात. बाह्यरुग्ण विभागाचे दार सकाळी ठराविक वेळी उघडते आणि दुपारी बंद होते. नातलगांना भेटीसाठी सोडणारे दार संध्याकाळी तासभर उघडे असते. पण एक दार असे असते की, ते वर्षाचे ३६५ दिवस आणि दिवसाचे चोवीस तास कधीच बंद होत नाही. त्या दारावर तांबडा दिवा असतो. आपण बोलताना त्याला कॅज्युअल्टी म्हणतो, अमेरिकेत त्याला इमर्जन्सी रूम म्हणतात. अपघात, हृदयविकाराचा झटका, विषबाधा, अडलेले बाळंतपण, अशा घटकाभराचा विलंबही न सोसणाऱ्या प्रसंगांसाठी ते दार ठेवलेले आहे. परंतु त्यातून आत येणाऱ्यांकडे क्षणभर पाहिले, तर मुलाचा कान दुखतो म्हणून आलेली आई, रक्तदाबाच्या गोळ्या संपून आठ दिवस झालेला कामगार, खोकला हटत नाही म्हणून आलेली वृद्धा, असेही लोक त्या रांगेत दिसतात. हे लोक तेथे का येतात, आणि त्यांच्या येण्याचा भार कोणावर पडतो, याचा विचार आज करावयाचा आहे.

या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे आहे. आरोग्यावर इतका पैसा खर्च करणारे दुसरे राष्ट्र नाही. २०२३ साली त्या देशाने आपल्या राष्ट्रीय उत्पादनाच्या शेकडा साडेसतरा टक्क्यांहून अधिक रक्कम या एका बाबीवर खर्च केली. आणि तरीही २०२१ साली तेथील तातडीच्या विभागांत सुमारे चौदा कोटी वेळा रुग्ण आले. त्यांतील शंभरांपैकी साधारण तेरांनाच रुग्णालयात दाखल करून घ्यावे लागले. उरलेले तपासणी आणि उपचार होऊन घरी किंवा अन्यत्र गेले. त्या सर्वांचे येणे निष्कारण होते असे मात्र यावरून म्हणता येत नाही. ते का, हे पुढे येईल.

हे चित्र समजण्यासाठी थोडा इतिहास पाहिला पाहिजे. ब्रिटनमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, आणि प्रत्येक नागरिकाला आपले नाव नोंदविता येईल असा एक घरचा डॉक्टर मिळाला. अमेरिकेची वाट निराळी झाली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, सरकारने मजुरीच्या दरावर बंधन घातले. पगार वाढविता येईना म्हणून कारखानदारांनी कामगारांना आरोग्यविम्याचे आमिष दाखविले. पुढे त्या विम्याला करातून सूट मिळाली आणि विमा नोकरीला कायमचा जोडला गेला. १९६५ साली अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या दोन योजनांवर सही केली. पण जो वृद्ध नव्हता, नियमाच्या व्याख्येत बसेल इतका गरीब नव्हता, आणि ज्याचा मालक विमा देत नव्हता, तो माणूस मधल्या फटीत सापडला. छोट्या दुकानातला नोकर, हंगामी शेतमजूर, एक नोकरी सुटून दुसरी न मिळालेला गृहस्थ, हे सारे त्या फटीतले. २०१० च्या सुमारास अशा विमाहीनांची संख्या साडेचार कोटींहून अधिक होती. त्या वर्षीच्या नव्या कायद्यानंतर ती बरीच उतरली, तरी २०२३ साली ती अडीच कोटींच्या घरात होतीच.

मग विमाहीन माणूस आजारी पडला की जाणार कोठे? १९८० च्या सुमारास अनेक खाजगी रुग्णालये अशा माणसाला दारातूनच परत पाठवीत, किंवा गाडीत घालून सरकारी रुग्णालयाकडे रवाना करीत. शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात अशा रीतीने पाठविलेल्या रुग्णांचा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा केला की, मेडिकेअरचा पैसा घेणाऱ्या ज्या रुग्णालयात तातडीचा विभाग आहे, त्याने दारी आलेल्या प्रत्येकाची तपासणी केलीच पाहिजे, आणि प्रकृती धोक्यात असेल तर ती स्थिर होईपर्यंत उपचार केलेच पाहिजेत. पैसे आहेत की नाहीत, हे पाहून नकार देता येणार नाही.

कायदा माणुसकीचा होता, यात शंका नाही. पण त्याचा परिणाम नीट पाहा. ज्या देशात साध्या दवाखान्यात जाण्याचा हक्क कायद्याने सर्वांना नव्हता, त्या देशात एका दारापुरता हक्क निर्माण झाला, आणि ते दार सर्वांत महागडे होते. कायद्याने दार उघडले, पण बिल माफ केले नाही. तपासणी नाकारता येत नव्हती, मात्र तिचे पैसे मागाहून मागता येत होते. त्यामुळे जो माणूस मधुमेहाची गोळी परवडत नाही म्हणून ती टाळत आला, तो पायाची जखम चिघळल्यावर या दारातून आत आला. गोळीच्या पैशाची बचत झाली, आणि पाय व कर्ज यांचा प्रश्न उभा राहिला. तहान लागल्यावर विहीर खणू नये असे आपल्याकडे म्हणतात. येथे तर विहीर खणण्याचीच तेवढी सोय कायद्याने केली होती.

विमा असलेल्याचीही स्थिती फार निराळी नाही. पुष्कळ विम्यांत वर्षारंभीचा काही खर्च रुग्णालाच सोसावा लागतो. ती मर्यादा ओलांडल्यावर कंपनी पैसे देऊ लागते. तेव्हा हप्ता भरणारा माणूसही साध्या दुखण्यासाठी डॉक्टरकडे जाताना दोनदा विचार करतो.

तातडीच्या विभागातला उपचार इतका महाग का, हेही सांगितले पाहिजे. अग्निशामक दलाचा खर्च विझविलेल्या आगींच्या संख्येवर अवलंबून नसतो. बंब, जवान आणि पाणी अहोरात्र सज्ज ठेवावे लागतात, त्याचा तो खर्च असतो. तातडीच्या विभागाचेही तसेच आहे. मध्यरात्री रुग्ण येवो न येवो, डॉक्टर, परिचारिका, क्ष-किरण यंत्र, रक्ततपासणीची सोय हे सारे जागे राहिलेच पाहिजे. हा सज्जतेचा खर्च मग येणाऱ्या प्रत्येकाच्या बिलावर वाटला जातो. म्हणून कानदुखीच्या मुलाच्या बिलातही डॉक्टरच्या फीखेरीज रुग्णालयाचा स्वतंत्र आकार लागतो.

आता सरकारी कचेरीत जमाखर्चाचे कागद हाताळणाऱ्याला येथे एक सोपा उपाय सुचतो. किरकोळ दुखण्याची माणसे त्या दारातून वळविली की कोट्यवधी डॉलर वाचतील! हा हिशेब अमेरिकेत अनेकांनी मांडला. पण तो तीन ठिकाणी अडखळतो.

पहिली अडचण अशी की, रुग्ण निदान घेऊन येत नाही, तक्रार घेऊन येतो. छातीत जळजळते म्हणून आलेल्या माणसाला तपासणीअंती आम्लपित्त निघाले, तर त्याचे येणे फुकट होते असे मागाहून म्हणणे सोपे आहे. पण त्याच तक्रारीचा दुसरा माणूस हृदयविकाराचा निघतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, साध्या दवाखान्यात भागले असते अशा भेटी अंतिम निदानावरून शंभरात सहाच्या आसपास ठरल्या. परंतु ज्या तक्रारी घेऊन ती माणसे आली होती, त्याच तक्रारी एकंदर शंभर भेटींपैकी जवळजवळ नव्वदांत होत्या. म्हणजे दारावरच गहू आणि खडे वेगळे करील अशी चाळणी कोणाजवळ नाही. अमेरिकेच्या कायद्यानेही पुढे हे मान्य केले. साधारण शहाणपणाच्या माणसाला त्या वेळी धोका वाटला असता की नाही, या कसोटीवर विमा कंपनीने पैसे द्यावे, शेवटच्या निदानावर नव्हे, असा नियम १९९७ साली सरकारी योजनांपुरता आणि २०१० च्या कायद्याने व्यापक प्रमाणावर लागू झाला.

दुसरी अडचण हिशेबाचीच आहे. खर्च मुख्यतः सज्जतेचा असेल, तर कानदुखीची दहा मुले कमी आली म्हणून विभागाचा खर्च त्या प्रमाणात उतरत नाही. डॉक्टर, परिचारिका आणि यंत्रे जागेवरच राहतात. तो आकार उरलेल्यांच्या बिलावर चढतो, इतकेच. बिलातली रक्कम आणि खरोखर वाचणारी रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरी अडचण सर्वांत बोधप्रद आहे. सर्वांना विमा दिला की गर्दी ओसरेल, असे पुष्कळांना वाटत होते. २००८ साली ऑरेगन संस्थानाला मेडिकेडमध्ये काही नव्या लोकांना घेता येणार होते. अर्जदार सुमारे नव्वद हजार झाले, म्हणून संस्थानाने चक्क चिठ्ठ्या टाकल्या. त्यामुळे विमा मिळालेले आणि न मिळालेले, अशा एरवी सारख्याच असलेल्या दोन गटांची तुलना संशोधकांना करता आली. पोर्टलंड भागातला निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. विमा मिळालेल्यांचे तातडीच्या विभागात जाणे कमी न होता शेकडा चाळीस टक्क्यांनी वाढले होते.

यावरून विमा व्यर्थ ठरतो काय? मुळीच नाही. त्याच प्रयोगात असेही दिसले की, आजारामुळे घरदार कर्जात बुडविणारा खर्च विमा मिळालेल्यांच्या बाबतीत जवळजवळ नाहीसा झाला, आणि मनाची खिन्नताही कमी झाली. विम्याने आपले काम चोख केले. मात्र विम्याचे कार्ड म्हणजे डॉक्टर नव्हे. कार्ड खिशात आले, पण संध्याकाळी कामावरून सुटल्यावर उघडा सापडेल असा दवाखाना त्या कार्डाने आपोआप उभा राहिला नाही. उघडे दार पूर्वीप्रमाणेच एक होते, आणि आता त्याची भीती कमी झाली होती.

तेव्हा उपाय त्या दारावर पहारा बसविण्यात नाही. तो घराजवळ दुसरे दार उघडण्यात आहे. याचाही धडा अमेरिकेतच मिळतो. जॅक गायगर नावाच्या डॉक्टरांनी विद्यार्थिदशेत दक्षिण आफ्रिकेतील फोलेला येथे सिडनी आणि एमिली कार्क या दांपत्याचे आरोग्य केंद्र पाहिले होते. काउंट गिब्सन या सहकाऱ्यासह त्यांनी १९६५ साली बोस्टनच्या कोलंबिया पॉइंट या गरीब वस्तीत आणि नंतर मिसिसिपीतील माउंड बायू येथे तशीच केंद्रे काढली. मिसिसिपीत त्यांना दिसले की, मुलांचा खरा रोग भूक हा आहे. तेव्हा केंद्राचे डॉक्टर कागदावर औषधाऐवजी अन्न लिहून देऊ लागले, आणि त्याचे पैसे केंद्राच्या औषधखात्यातून दिले जाऊ लागले. वरिष्ठांनी हरकत घेतली, तेव्हा कुपोषणावर वैद्यकग्रंथांत अन्न हेच औषध सांगितले आहे, असे उत्तर गायगर यांनी दिले. त्या दोन केंद्रांपासून निघालेल्या परंपरेत आज तीन कोटींच्या आसपास लोक उपचार घेतात, आणि फी ऐपतीप्रमाणे आकारली जाते.

आता आपल्या देशाकडे वळू. इंदूर-बडोद्यापासून दिल्ली-कोलकात्यापर्यंत पसरलेल्या माझ्या श्रोत्यांना हा प्रश्न परका वाटणार नाही. आपल्याकडेही तातडीच्या उपचाराचा हक्क प्रथम न्यायालयातून आला. अपघातग्रस्ताला पोलिसी सोपस्कारांची वाट न पाहता प्रत्येक डॉक्टरने मदत केली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सांगितले. आगगाडीतून पडून जखमी झालेल्या एका मजुराला पश्चिम बंगालमधील एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठविले, त्या प्रकरणात १९९६ साली न्यायालयाने असे उपचार हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग ठरविला. पुढे २०१८ साली गरीब कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचार देणारी प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आली.

परंतु ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी आहे. दर महिन्याची रक्तदाबाची गोळी आणि दवाखान्यातली साधी तपासणी तिच्यात बसत नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे देशाच्या एकंदर आरोग्यखर्चापैकी लोकांनी स्वतःच्या खिशातून भरलेला भाग २०१३-१४ साली शेकडा ६४ होता, तो २०२१-२२ साली शेकडा ३९ वर आला. ही प्रगती समाधानाची आहे. तरीही शंभरातले ३९ रुपये रुग्णच देतो, आणि त्यांतला मोठा वाटा औषधांचा व बाह्योपचारांचा असतो. हा खर्च टाळण्यासाठी जो आजार अंगावर काढतो, तोच पुढे तांबड्या दिव्याखाली येतो.

याचे उत्तर आपल्याजवळ फार पूर्वीपासून आहे. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ सालच्या अहवालात प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना मांडली, आणि ऐपत नाही म्हणून कोणी उपचाराला मुकू नये हे तत्त्व सांगितले. १९५२ पासून अशी केंद्रे निघू लागली. सपाट प्रदेशात तीस हजार वस्तीमागे एक, हे त्यांचे आजचे प्रमाण आहे. अलीकडे शहरांतही हा विचार आला. २०१५ साली दिल्लीत मोहल्ला क्लिनिक आणि २०२२ साली मुंबईत ‘आपला दवाखाना’ सुरू झाला, तो याच दिशेने. अशा केंद्रांची परीक्षा तीन साध्या प्रश्नांनी करावी. रोजंदारीवरचा माणूस दिवस न बुडविता तेथे जाऊ शकतो काय? तेथे डॉक्टर हजर असतो काय? आणि लिहून दिलेले औषध तेथेच मिळते काय? या तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर मध्यरात्रीची गर्दी हुकमावाचून ओसरू लागेल.

राज्यकारभारात एक चूक वारंवार होते. खर्च ज्या खात्यात दिसतो, त्याच खात्यात दोष आहे असे समजून तेथे कात्री लावली जाते. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा तो प्रकार होतो. तातडीच्या विभागातील गर्दी हा त्या विभागाचा दोष नाही. दुसरी दारे बंद होती, एवढेच ती सांगते. मुलाला कडेवर घेऊन रात्री दोन वाजता आलेल्या आईला तुम्ही येथे का आलात, असे विचारण्याचा अधिकार समाजाला तेव्हाच येतो, जेव्हा संध्याकाळी सहा वाजता तिला जाता येईल अशी दुसरी जागा त्याने ठेवलेली असते.