ऊन मुबलक, तरीही ड जीवनसत्त्वाची उणीव

कळंबसारख्या बाजारपेठेच्या गावी उन्हाला तोटा नाही. तरीही सकाळी दुकान उघडून रात्रीपर्यंत गादीवर बसणाऱ्या व्यापाऱ्याच्या अंगाला ते क्वचितच लागते. त्वचेवर ऊन पडल्याखेरीज शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि मासे व अंडी हे त्याचे आहारातील स्रोत जैन घरात वर्ज्य आहेत. त्यामुळे गोळीचा आधार घ्यावा लागतो.

हे जीवनसत्त्व केवळ हाडांसाठी नसते. मल्टिपल स्क्लेरोसिस या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंच्या आवरणावरच हल्ला करते. दृष्टी अंधुक होणे, हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे ही लक्षणे बहुधा २० ते ४० या वयात आणि स्त्रियांत अधिक आढळतात. ड जीवनसत्त्व दाह वाढविणाऱ्या प्रतिकारपेशींना आवर घालते व त्यांच्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या पेशींना बळ देते.

मग गोळीने हा विकार आवरतो काय? अमेरिकेतील २०२३ च्या चाचणीत नेहमीच्या औषधासोबत रोज ६०० ऐवजी ५,००० युनिट देऊनही विकाराचे झटके कमी झाले नाहीत. फ्रान्समधील २०२५ च्या अभ्यासात मात्र विकाराच्या प्रारंभीच, अन्य औषध सुरू नसताना, दर पंधरवड्यास एक लाख युनिट दिले गेले. दोन वर्षांत विकाराची सक्रियता त्या गटात सुमारे ६० टक्के, तर इतरांत ७४ टक्के रुग्णांत दिसली. तात्पर्य, हे जीवनसत्त्व साहाय्यक ठरू शकेल. मूळ औषधाची जागा ते घेऊ शकत नाही.

अहिंसेचा प्रश्नही येथे आहेच. बाजारातील बहुतेक ड-३ मेंढीच्या लोकरीतील मेणापासून बनते, आणि मऊ कॅप्सूलचे वेष्टन बहुधा प्राणिजन्य जिलेटिनचे असते. दगडफुलाच्या जातीच्या लायकेनपासून केलेले ड-३ मिळते. जिलेटिनविरहित गोळ्या व पूडही मिळतात. औषध परस्पर बंद न करता हा पर्याय डॉक्टरांकडे मागावा.

आठवड्याला एकदा घ्यावयाची ६०,००० युनिटची मात्रा गैरसमजाने रोज घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडास इजा होते. म्हणून आधी रक्ततपासणी, मगच मात्रा. वरील लक्षणे दिसल्यास मज्जाविकारतज्ज्ञाची भेट लांबवू नये. निदान झालेल्या कुटुंबांना १९८५ पासून कार्यरत असलेल्या मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेचे मार्गदर्शन घेता येते.