तार ग्रामपंचायतीत, पेशंट उपकेंद्रात

चिचगड परिसरातल्या माणसाला मोठ्या डॉक्टरला दाखवायचे, तर आधी देवरी, मग गोंदिया. गाडीभाडे, बुडालेली मजुरी आणि सोबत्याचा दिवस धरला, तर मोफत तपासणीही महाग पडते. मग गोळ्या मध्येच सुटतात. बीपी, साखर, सिकलसेल हे तर सतत लक्ष मागणारे आजार. विदर्भात सिकलसेल आदिवासी बांधवांप्रमाणे आपल्या समाजातही आढळतो.

यातल्या काही फेऱ्या ई-संजीवनीमुळे वाचू शकतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेली ही सरकारी सेवा मोफत आहे. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी बीपी-साखर तपासून नोंद करतात आणि व्हिडिओ कॉलवर दूरच्या डॉक्टरांशी बोलणे करून देतात. औषधांची चिठ्ठीही त्यावरच येते.

पण नेट नसेल, तर ही सेवा मिळत नाही. गावोगाव ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. तीच आजची भारतनेट. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित भारतनेटसाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले. त्याआधी जुलै २०२२ मध्ये फोरजी न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची योजना आली. पैसा मंजूर आहे, पण ही तार मुळात ग्रामपंचायतीपर्यंत येते. पुढे उपकेंद्राला, शाळेला, अंगणवाडीला वेगळी जोडणी लागते. रस्ता खोदताना तार तुटली किंवा वीज गेली, की ग्रामपंचायतीतले यंत्र नुसते भिंतीवर राहते.

म्हणून ग्रामसभेत चार प्रश्न विचारा:

१. आपल्या ग्रामपंचायतीत भारतनेट चालू आहे का?

२. उपकेंद्राला जोडणी कधी मिळणार?

३. वीज गेल्यावर बॅटरीची सोय आहे का?

४. तार तुटली तर तक्रार कोण करणार?

उत्तरे ठरावात लिहून घ्या. ग्रामसभेआधी महिलांची सभा होते. हा विषय आयाबहिणींनी तिथेच मांडावा.

उपकेंद्रात जाताना जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटे आणि मोबाइल सोबत न्या. ज्यांना मोबाइल जमत नाही, त्या म्हाताऱ्या माणसांसोबत वस्तीतल्या शिकलेल्या मुला-मुलींनी जावे.

मात्र छातीत दुखणे, साप चावणे, जास्त रक्त जाणे, बाळंतपणातली अडचण किंवा सिकलसेलच्या पेशंटला ताप, दम, असह्य वेदना असतील, तर व्हिडिओ कॉलची वाट पाहू नका. लगेच १०८ ला फोन करा आणि दवाखाना गाठा.