चुलीला वर्ज्य, बर्फाला प्रिय

दसऱ्याच्या आगेमागे सालेकसा-देवरीकडच्या रानांत सीताफळांचे डोळे उघडू लागतात. खवल्यांमधल्या खाचा पिवळसर झाल्या की फळ तोडणीला आले. मग टोपल्या गोंदियाच्या बाजारात उतरतात आणि घाई सुरू होते, कारण तीन-चार दिवसांत फळ मऊ पडते आणि मग काळवंडते.

आंब्याचा रस आटवता येतो, साटे वाळवता येतात. सीताफळाचा गर मात्र तापवला की कडवटतो. त्याला टिकवायचे तर गारठाच हवा.

सीतेच्या वनवासाशी लोकांनी नाते जोडले असले, तरी हे फळ मूळचे अमेरिका खंडातले; पोर्तुगीजांमार्फत ते इकडे आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. गंमत म्हणजे बर्फही तिकडूनच आला. १८३० च्या दशकात बोस्टनहून जहाजाने आलेल्या बर्फावर मुंबईत जमशेटजी जीजीभॉय यांनी पाहुण्यांना आईस्क्रीम खिलवले. यजमान-पाहुणे सर्दीने बेजार झाले आणि ‘मुंबई समाचार’ने त्यांना चिमटा काढला!

अमेरिकेत १८४३ मध्ये नॅन्सी जॉन्सन यांनी हाताने फिरवायच्या यंत्राचे पेटंट घेतले. आपले पॉट आईस्क्रीम त्याच जातीचे. लाकडी बादलीत मधोमध दुधाचे भांडे, भोवती फोडलेला बर्फ आणि खडे मीठ. मिठाने बर्फाचे पाणी शून्याच्याही खाली गार होते आणि भांड्याच्या कडेला दूध धरू लागते. हँडल जड झाले की घरातली मुले आपोआप भोवती जमतात.

सीताफळाला खरा भाव मिळाला तो १९८४ मध्ये. मंगळुरूकडच्या फळविक्रेत्याचे चिरंजीव रघुनंदन कामत यांनी जुहूला ‘नॅचरल्स’ सुरू केले आणि तिथले सीताफळ आईस्क्रीम मुंबईकरांच्या तोंडी बसले. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले.

खरे कष्ट गर काढण्याचे. बी फुटली तर गर बिघडतो, म्हणून ती अलगद सोडवावी लागते. मिक्सरचा मोह इथे घातकच. थंड आटीव दुधात गर अगदी शेवटी ढवळायचा, गाळायचा नाही. जिभेवर येणारा रवाळपणा फळाचा स्वतःचा असतो. एसेन्सच्या गुळगुळीत कपात तो सापडत नाही.