विश्लेषण : दिवाळी अंकाची अनुक्रमणिका काय सांगते?

दिवाळी अंक हाती आला की मुखपृष्ठानंतर नजर जाते ती अनुक्रमणिकेवर. अंक घ्यायचा की नाही, आधी काय वाचायचे, हे बहुतेकदा याच पानावर ठरते. पुढे अनेक वर्षांनी एखादी कथा सापडेल की नाही, हेही.

सिंधुदुर्गाशी नाते काय?
‘मनोरंजन’ मासिकाचा १९०९चा अंक मराठीतील पहिला दिवाळी अंक मानला जातो. त्याचे संपादक काशीनाथ रघुनाथ मित्र हे मूळचे आजगावकर, म्हणजे सावंतवाडी तालुक्यातील आजगावचे. हे मासिक त्यांनी १८९५ मध्ये सुरू केले होते.

मांडणीचे प्रकार कोणते?
प्रामुख्याने दोन. पहिल्यात कथा, लेख, परिसंवाद, कविता असे विभाग पाडले जातात. आवडीचा प्रकार चटकन सापडतो. दुसऱ्यात मजकूर पानांच्या क्रमाने येतो; संपादकाने अंक कसा रचला ते कळते. लेखकाचे नाव आधी छापले तर वाचक नावाकडे ओढला जातो, शीर्षक आधी असेल तर विषयाकडे. शीर्षक आणि पृष्ठक्रमांक यांच्यामधली टिंबांची रांग नजर चुकू देत नाही.

उणीव कुठे राहते?
कवितांच्या विभागात. जागा वाचवण्यासाठी अनेकदा फक्त कवींची नावे सलग छापतात, शीर्षके गाळतात. मग कोणाची कोणती कविता कुठे आली, हे शोधायला अख्खा अंक चाळावा लागतो. नवोदित कवीसाठी तर हीच त्याच्या कवितेची एकमेव नोंद असू शकते.

मोबाइलवर काय बदलते?
पीडीएफमध्ये मुखपृष्ठ आणि जाहिरातींची पानेही मोजली जातात. त्यामुळे अनुक्रमणिकेतले पान ४५ स्क्रीनवर ४९ वे निघू शकते. शीर्षकावर बोट ठेवताच लेख उघडण्याची सोय असेल, तर हा घोळ टळतो.

वाचकांनी काय करावे?
व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या अनुक्रमणिकेच्या फोटोत अनेकदा अंकाचे नाव आणि वर्षच नसते. घरात जुने अंक असतील तर मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि मुद्रक-प्रकाशकाची नोंद असलेले पान, अशा तिन्हींचे फोटो एकत्र ठेवावेत. कागद विरला तरी कोणी, कुठे, केव्हा लिहिले याचा माग राहील.