लहान मैदानाचे मोठे धडे

मुंबई, प्रतिनिधी

एका बाजूला तेलशुद्धीकरण कारखाने, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मध्ये प्रकल्पग्रस्तांसाठी उभारलेल्या इमारतींच्या दाट रांगा, हे माहुलचे चित्र मुंबईकरांच्या परिचयाचे आहे. अशा वसाहतीत मुलांच्या वाट्याला बहुधा दोन इमारतींमधली अरुंद पट्टीच येते. एवढ्याशा जागेत मुले खेळ तो काय शिकणार, अशी खंत पालकांना वाटणे स्वाभाविक आहे. मात्र मुलाला खेळ शिकवायचा असेल तर आरंभी त्याला मोठ्या मैदानात उभे करूच नये, असे आज अनेक खेळांच्या संघटना सांगतात.

याचे ठळक उदाहरण आइस हॉकीचे. उत्तर अमेरिकेत या खेळाचे बर्फाचे रिंगण २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असते. सहा-सात वर्षांची मुले तेवढ्या बर्फावर उतरली की वेगाने घसरणारे एक-दोघेच रबरी चकती घेऊन पुढे जातात आणि बाकीचे त्यांच्यामागे नुसते धावत राहतात. हे ध्यानात घेऊन अमेरिकेच्या संघटनेने २००९ मध्ये प्रशिक्षणाचा नवा आराखडा आणला. त्यानुसार आठ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी रिंगणाचे आडवे भाग पाडून प्रत्येक भागात स्वतंत्र सामना खेळवला जाऊ लागला. कॅनडानेही २०१७-१८ च्या हंगामापासून पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी हीच पद्धत सक्तीची केली.

साधे गणित

यामागचे तत्त्व फुटबॉलच्या मैदानावरून सहज उमगते. १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद मैदानाचे क्षेत्रफळ ७,१४० चौरस मीटर होते. त्यावर २२ खेळाडू असले की प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ३२५ चौरस मीटर जागा येते. ४० बाय २० मीटरच्या मैदानावर पाच-पाच जणांचे दोन संघ खेळले, तर हाच वाटा ८० चौरस मीटरवर येतो. साहजिकच चेंडू प्रत्येकाच्या पायाशी वारंवार येतो. समोरचा प्रतिस्पर्धी जवळ असल्याने चेंडू अडवायचा, पुढे द्यायचा की स्वतः न्यायचा, हा निर्णय क्षणात घ्यावा लागतो. कौशल्य घडते ते अशा निर्णयांच्या आवृत्तीतून. नुसत्या धावण्यातून नव्हे. शिवाय एका पूर्ण मैदानाच्या क्षेत्रफळात अशी आठ छोटी मैदाने बसतात. त्यामुळे राखीव खेळाडू म्हणून कडेला बसून राहणाऱ्या मुलांनाही खेळायला मिळते.

हा विचार आपल्याकडे परका नाही. कबड्डीत पुरुषांचे क्रीडांगण १३ बाय १० मीटरचे, महिलांचे १२ बाय ८ मीटरचे, तर किशोर-किशोरींचे ११ बाय ८ मीटरचे आखले जाते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१८ मध्ये सुरू केलेल्या ‘गोल्डन बेबी लीग’मध्येही लहान वयोगटांसाठी छोटी मैदाने आणि कमी खेळाडूंचे संघ ठेवले गेले. टेनिसमध्ये २०१२ पासून दहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या स्पर्धांत नेहमीचा चेंडू वापरला जात नाही. त्याऐवजी संथ उसळीचे चेंडू दिले जातात आणि सर्वांत लहान मुलांसाठी कोर्टही आखूड केले जाते. हॉकीचा पाच खेळाडूंचा छोटा प्रकार युवा ऑलिम्पिकमध्ये २०१४ साली आला. २०१८ मध्ये ब्यूनस आयर्स येथे भारताच्या मुलामुलींच्या दोन्ही संघांनी त्यात रौप्यपदक पटकावले.

केवळ अरुंद जागा नव्हे

तथापि, लहान मैदान म्हणजे उरलेली जागा नव्हे. त्याला आखलेल्या सीमारेषा हव्यात, मुलांच्या उंचीला साजेसे गोल हवेत, हलका चेंडू हवा आणि पडल्यावर गुडघे फुटणार नाहीत असा पृष्ठभाग हवा. वाहने उभी असलेल्या फरसबंद गल्लीत यातले काहीच नसते. तेथे मुले चेंडूवर ताबा मिळवायला शिकतील, पण काचा फुटण्याच्या धास्तीने जोरात फटका मारायला मात्र कधीच शिकणार नाहीत.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. छोटे मैदान ही शिडीची पहिली पायरी असते. वय वाढेल तसे खेळाडूंची संख्या आणि मैदान वाढत गेले पाहिजे. लांब पास, मोकळी जागा हेरणे आणि दमसास या गोष्टी पूर्ण मैदानावरच साधतात. म्हणून छोट्या मैदानांचे समर्थन हे मोठी मैदाने इमारतींखाली घालण्याचे निमित्त ठरता कामा नये. वसाहतीचा आराखडा करताना प्रत्येक इमारतसमूहात एक छोटे क्रीडांगण आणि मुलांना चालत जाता येईल इतक्या अंतरावर एक पूर्ण मैदान, अशी दोन्हींची तरतूद व्हायला हवी.

माहुलपुरता आणखी एक प्रश्न उरतो. येथील हवेपासून रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये नोंदवले होते. खेळताना मूल एरवीपेक्षा कितीतरी अधिक हवा छातीत ओढून घेते. मैदानाची लांबी-रुंदी वयानुसार कमी करता येते. हवेच्या शुद्धतेला तशी सवलत देता येत नाही.