करडईचं तेल खवट होतं, मग पेशी का होत नाही?

हा आपल्या या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. एसटीत इअरफोन लावूनही धड ऐकू येत नाही, लिहून द्या, अशी बऱ्याच जणांची मागणी होती. बोलतानाचे अडखळे काढलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

आजचा प्रश्न कळंब तालुक्यातल्या एका श्रोत्याचा. पोलीस भरतीची तयारी चालू आहे, पहाटे 1600 मीटरचा सराव असतो. ग्राउंडवरचा एक मित्र रोज व्हिटॅमिन सी आणि ई च्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेतो. त्याचं म्हणणं असं, की पळाल्यावर अंगात फ्री रॅडिकल तयार होतात, ते पेशी जाळतात, म्हणून अँटिऑक्सिडंटची गोळी पाहिजेच. आता हा विचारतोय, मी पण सुरू करू का? घरून खर्चाला जे पैसे येतात त्यातूनच ते जाणार आहेत.

उत्तर आधी सांगून टाकतो: नको. पण "नको" म्हणून फोन ठेवला तर मित्राला काय सांगणार? म्हणून जरा करडईच्या रानात जाऊ.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात रब्बी म्हणजे ज्वारी, आणि ज्वारीच्या सोबतीला करडई. जुने शेतकरी ज्वारीच्या कडेनं करडईचे तास टाकायचे. काट्यामुळं जनावर आत शिरत नाही, आणि वर्षाचं तेलही घरचं होतं. कोवळ्या करडईची भाजी तर अजून कित्येक घरांत होते. पुढं खरिपात सोयाबीन आलं, रब्बीत हरभरा वाढला आणि करडई मागं पडली. परभणीच्या कृषी विद्यापीठानं "परभणी कुसुम" सारखे चांगले वाण दिले, तरी काट्यांत काढणीला मजूर मिळत नाही ही रड आहेच.

या करडईच्या तेलात जवळजवळ तीन चतुर्थांश भाग एकाच फॅटी ॲसिडचा असतो. नाव लिनोलिक ॲसिड. ते आपल्या शरीराला तयार करता येत नाही, खाण्यातूनच यावं लागतं. पण त्याची एक खोड आहे. त्याच्या साखळीत एक जागा अशी असते, जिथला हायड्रोजन अगदी सैल धरलेला असतो. कुणी ओढला की सुटतो.

आता खवट होणं म्हणजे काय ते बघा. ऊन, उष्णता किंवा डब्याच्या लोखंडाचा अंश, यातल्या कशानं तरी एका रेणूचा तो सैल हायड्रोजन निघून जातो. उरलेला रेणू अर्धवट, अस्वस्थ. यालाच फ्री रॅडिकल म्हणतात. त्याला लगेच हवेतला ऑक्सिजन चिकटतो. मग तो शेजारच्या रेणूचा हायड्रोजन हिसकावतो. आता शेजारी अस्वस्थ. तो पुढच्याचा हिसकावतो. बसच्या रांगेत एकानं ढकललं की शेवटच्या माणसापर्यंत धक्का जातो ना, तसं. या धक्काबुक्कीत रेणू तुटतात आणि त्यांचे छोटे तुकडे उडून नाकात येतात. आजी बरणी उघडून "खवट झालं गं" म्हणते, तेव्हा ती हे तुकडेच ओळखत असते. जवसाची चटणी शेंगदाण्याच्या चटणीपेक्षा लवकर खवट होते, कारण जवसाच्या तेलात अशा सैल जागा आणखी जास्त असतात.

पण गंमत बघा. तेच तेल करडईच्या बीमध्ये पुढच्या पेरणीपर्यंत टिकतं. घाण्यावर काढलं की मात्र काही महिन्यांत वास बदलायला लागतो. बीचं कवच हवा अडवतं, हे एक कारण. दुसरं, तेलाच्या सोबतच बीनं राखणदार ठेवलेला असतो: व्हिटॅमिन ई. करडईच्या 100 ग्रॅम तेलात ते साधारण 30 ते 35 मिलीग्रॅम असतं. हा राखणदार स्वतःचा हायड्रोजन देऊन टाकतो. मग तो स्वतः रॅडिकल होतो, पण सुस्त. पुढच्याला ढकलत नाही. रांगेतला एक दणकट माणूस धक्का खाऊन जागेवर उभा राहिला, की मागचे सगळे वाचले. अँटिऑक्सिडंट या शब्दामागचं काम एवढंच आहे. तेल काढल्यावर हवा आणि ऊन लागत राहतं, राखणदार हळूहळू संपतो, आणि मग खवटपणा एकदम जाणवतो.

आता तेलाच्या डब्यातून तुमच्या अंगात येऊ. प्रत्येक पेशीभोवती पातळ पडदा असतो, आणि त्या पडद्यात तेच लिनोलिक ॲसिड बसलेलं असतं, जे जेवणातून आलं. तापमान 37 अंश, ऑक्सिजनचा पुरवठा चोवीस तास, रक्तात लोह. म्हणजे तेल खवट करायला जे जे लागतं ते सगळं हजर! त्यात पेशीच्या आत मायटोकाँड्रिया ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवतात, तेव्हा थोडे इलेक्ट्रॉन निसटतात आणि रॅडिकल तयार होतात. पळताना, श्वास घेताना, झोपेतही.

तरीही आपण खवट होत नाही, कारण इथं राखणदार एकटा नाही. व्हिटॅमिन ई नं धक्का खाल्ला की व्हिटॅमिन सी त्याला परत ताजं करतं. सी ला ग्लुटाथायोन नावाचा रेणू परत उभं करतो, आणि तो तर शरीर स्वतःच बनवतं. शिवाय एन्झाइम आहेत. 1969 साली मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच या दोघा शास्त्रज्ञांनी सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे एन्झाइम दाखवून दिलं, आणि लक्षात आलं की पेशीला हा त्रास आधीपासून माहीत आहे, तिच्याकडं बंदोबस्तही आहे.

दुसरं एक एन्झाइम घरीच बघता येतं. मेडिकलमधून जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणा आणि कच्च्या बटाट्याच्या चकतीवर दोन थेंब टाका. फस्स करून फेस येईल. बटाट्यातलं कॅटलेज पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतंय. उकडलेल्या बटाट्यावर तेच करा, फेस येणार नाही, कारण उष्णतेनं एन्झाइम मोडलंय. (डोळ्यात उडू देऊ नका, आणि रीलसाठी पिऊन वगैरे दाखवू नका.)

आता मूळ प्रश्न. साखळीच आहे, तर वरून गोळी टाकून ती आणखी भक्कम करू, असं वाटणं साहजिक आहे. मोठमोठ्या संशोधकांनाही तेच वाटलं होतं. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या 29,133 पुरुषांवर मोठी चाचणी झाली. काहींना बीटा-कॅरोटीन दिलं, म्हणजे गाजरातला रंग, पण गोळीतून. 1994 साली निकाल आला. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी नाही, उलट 18 टक्के जास्त. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या 35,000 हून जास्त पुरुषांवर व्हिटॅमिन ई आणि सेलेनियमची चाचणी झाली. ई चा डोस रोज 400 युनिट, म्हणजे आपल्याकडं फोडून चेहऱ्याला चोळतात त्या मोठ्या हिरव्या कॅप्सूलच्या ताकदीचा. 2011 साली कळलं की नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर 17 टक्के जास्त होता. तंबाखू खाऊन वर व्हिटॅमिनची गोळी घेणाऱ्या आपल्या मित्रांनी पहिला आकडा तरी दोनदा वाचावा.

आणि ग्राउंडवरच्या पोरांसाठी सगळ्यात कामाचा अभ्यास 2009 सालचा, जर्मनीतला. सुमारे 40 तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. निम्म्यांना रोज 1000 मिलीग्रॅम सी आणि 400 युनिट ई दिलं, बाकीच्यांना नुसती गोळी. नुसती गोळी घेणाऱ्यांत व्यायामाचा फायदा दिसला: इन्सुलिनला शरीर चांगला प्रतिसाद द्यायला लागलं, आणि पेशींची स्वतःची अँटिऑक्सिडंट एन्झाइम वाढली. व्हिटॅमिनवाल्यांत हे झालंच नाही.

का? कारण पळताना तयार होणारे थोडे रॅडिकल हा पेशीला निरोप असतो. "काम वाढलंय, बंदोबस्त वाढव." गोळीनं तो निरोपच पुसला, तर बंदोबस्त कोण वाढवणार? रोगजंतू मारायला आपल्या पांढऱ्या पेशीसुद्धा मुद्दाम असेच रॅडिकल सोडतात. त्यामुळं सगळे रॅडिकल शत्रू, ही जाहिरातीची भाषा आहे. डब्यावर "अमुक हजार ओरॅक" असा आकडा दिसला तरी भुलू नका. ती टेस्टट्यूबमधली मोजणी असते. अमेरिकेच्या कृषी खात्यानं आपली अशी यादी 2012 साली संकेतस्थळावरून काढून टाकली, कारण त्या आकड्यांचा शरीरातल्या परिणामाशी मेळ लागत नव्हता आणि कंपन्या मात्र ते जाहिरातीत वापरत होत्या.

म्हणजे राखणदार नकोत असं नाही. ते जेवणातून, जेवणाच्या प्रमाणात पाहिजेत. पुरुषाला दिवसाला 80 मिलीग्रॅम व्हिटॅमिन सी पुरतं, असं आपल्या देशाच्या 2020 च्या शिफारशी सांगतात. 100 ग्रॅम पेरूत ते 200 च्या आसपास असतं. स्टँडवर तिखट-मीठ लावून मिळतो त्यातला अर्धा पेरू, झालं काम. ई साठी करडईचं किंवा सूर्यफुलाचं तेल, मूठभर शेंगदाणे. एन्झाइमला लागणारं जस्त, तांबं, मँगनीज भाकरीतून, डाळीतून, हरभऱ्यातून येतं. डॉक्टरांनी तपासून एखादी कमतरता सांगितली आणि गोळी दिली, तर ती गोष्ट वेगळी, ती घ्यायची.

पैसे वाचवून लक्ष द्यायचंच असेल तर तेलाकडं द्या. घाण्याचं करडई तेल एकदम पंधरा लिटर भरून ठेवू नका. थोडं आणा, काचेच्या गडद बाटलीत किंवा स्टीलच्या डब्यात गच्च झाकून, चुलीपासून लांब ठेवा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत ते लवकर जातं. आणि हे तेल तळणाला नको, फोडणीला किंवा चटणीवर कच्चं घ्या. टपरीच्या कढईतलं तेल काळं, घट्ट आणि फेसाळ दिसलं, तर तिथली भजी सोडून द्या. देशात 1 जुलै 2018 पासून नियमच आहे की तळणाच्या तेलात बिघडलेले घटक 25 टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायचं नाही. मोजायचं यंत्र आपल्याकडं नसतं, पण नाक आहे.

तर कळंबच्या दादा, मित्राला हा मजकूर पाठवा, आणि सरावानंतर पेरू खा. पुढच्या भागात हळद घेतोय. "हळदीच्या कॅप्सूल लागू पडतात का", हे तुळजापूरवरून तीन जणांनी विचारलंय, त्यामुळं आता टाळता येणार नाही.