गुलाबाची नवरी आणि माझा उतावळेपणा

आधी कबूल करते. कार्टून म्हटलं की ते मुलांना गप्प बसवण्याचं साधन, एवढीच माझी समजूत होती. त्यामुळे कॉलेजात शिकणारी लेक म्हणाली, "आई, ही जपानी मालिका बघ, तुला आवडेल," तेव्हा मी मटार सोलता सोलता, एक डोळा गॅसवर ठेवून बघायला बसले. अकरा भाग कसेबसे पाहिले आणि अकराव्याला वैतागून बंद केलं. "आता परत लावू नकोस बाई!" असं वर सांगितलं.

मालिकेचं नाव 'शोजो काकुमेई उतेना', म्हणजे क्रांती करणारी मुलगी उतेना. जपानमध्ये ती 1997 साली एप्रिल ते डिसेंबर टीव्हीवर आली. एकूण भाग 39. दिग्दर्शक कुनिहिको इकुहारा. गोष्ट वरवर परीकथेची. आईबाप गेलेल्या लहानग्या उतेनाला एक राजपुत्र भेटतो, गुलाब कोरलेली अंगठी देतो. दुसरी एखादी त्याची वाट बघत बसली असती. ही म्हणते, मीच राजपुत्र होणार! मोठी झाल्यावर शाळेत मुलांसारखा कोट घालून हिंडते.

त्याच शाळेत अँथी नावाची मुलगी आहे. सावळी, चष्मा लावणारी, कपाळावर टिकलीसारखा ठिपका, सदा गुलाबांना पाणी घालणारी. ती 'गुलाबाची नवरी'. शाळेतले निवडक विद्यार्थी तलवारीने द्वंद्व खेळतात, छातीवरचा गुलाब ज्याचा उडाला तो हरला. जिंकेल त्याची अँथी! पहिल्याच भागात साइओन्जी नावाचा मुलगा तिला थोबाडीत मारतो आणि ती हूं की चूं करत नाही. पुढे उतेना मोडक्या बांबूच्या तलवारीने त्याला हरवते आणि ध्यानीमनी नसताना नवरी हिच्या पदरात पडते.

मला सगळ्यात राग आला तो या अँथीचा. उतेना तिला जिवापाड जपते. अकराव्या भागात उतेना हरते, तर ही बया शांतपणे जिंकणाऱ्याच्या मागे चालू लागते. ना डोळ्यांत पाणी, ना मागे वळून बघणं. शिवाय दर द्वंद्वाआधी तोच गोल जिना, तेच समूहगान, आकाशात उलटा टांगलेला तोच किल्ला. म्हटलं, यांच्याकडे काय चित्रं संपली की काय?

दोन वर्षांनी माझ्या थोरल्या जाऊबाई गुडघ्याच्या उपचारांसाठी तीन आठवडे आमच्याकडे राहायला आल्या. घरात बसून कंटाळतील म्हणून लेकीने तीच मालिका पुन्हा पहिल्यापासून लावली. रोज दोन भाग. खाली इंग्रजी अक्षरं भरभर जातात, म्हणून मी त्यांना मराठीत सांगत बसायचे. झालं, मटार बाजूला राहिले आणि नीट बघणं भाग पडलं.

आता जाऊबाईंबद्दल सांगायला हवं. घरात येऊन त्यांना तीस वर्षं झाली. सणाला साडी कुठली, गावाला कधी जायचं, काहीही विचारा, उत्तर एकच: "तुम्ही म्हणाल तसं." वर हसू. मी यांना अनेकदा म्हटलंय, "वहिनींना स्वतःचं मतच नाही."

अकरावा भाग आला. अँथी निघाली. मी म्हटलं, "बघा, गेली बावळट!"

जाऊबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "बावळट नाही गं ती. जायचंय का, असं तिला विचारलं कुणी?"

खरंच की! उतेनाही कुठे विचारते? चार मैत्रिणी कर, चारचौघींसारखी वाग, असं तिच्या भल्याचं तीच ठरवते. मारणारा तिला वस्तू समजतो आणि वाचवणारी? तिलाही राजपुत्र व्हायला एक नवरी लागतेच ना! हे कळलं आणि मी पाहिलेले अकराही भाग मला नव्याने दिसू लागले.

मग तो जिनाही खुपेना. टीव्हीच्या चित्रमालिकांत तीच चित्रं पुन्हा वापरून खर्च वाचवतात, हे खरंच. पण रोजची आरती तीच असते म्हणून आपण कंटाळतो का? इथेही तसंच. जिना तोच, चढणाऱ्या उतेनाचं मन मात्र दर वेळी वेगळं. ते विचित्र समूहगान जे. ए. सीझर यांचं. शुजी तेरायामा यांच्या प्रायोगिक नाटक मंडळीत ते संगीत देत असत. त्यातल्या शब्दांचा अर्थ लावत बसू नका, मी लावला आणि डोकं धरलं! मालिकेवर ताकाराझुका या शहरातल्या नाटक मंडळीचीही छाप दिसते. तिथे 1914 पासून पुरुषांची कामंही बायकाच करतात. आपल्याकडे बालगंधर्व शालू नेसून उभे राहत, त्याच्या नेमकं उलट.

मधले काही भाग मात्र निव्वळ धमाल. नानामी नावाची नकचढी मुलगी एका भागात चक्क गाय होत जाते. दुसऱ्या एका भागात ती झणझणीत मसाल्यासाठी हिंदुस्थानात येते आणि हत्ती तिच्या मागे लागतात. जाऊबाई एवढ्या हसल्या की गुडघ्याचा शेक राहून गेला.

पुढे मात्र गोष्ट गडद होते. अँथीचा भाऊ आकिओ तिच्याशी जे वागतो ते लहान मुलांसमोर बघण्यासारखं नाही. मुलं झोपल्यावरच लावा. 1999 साली आलेल्या चित्रपटापासून तर मुळीच सुरुवात करू नका, काही कळणार नाही. शेवट मी सांगत नाही. अँथीच्या चष्म्याकडे तेवढं लक्ष असू द्या.

शेवटचा भाग संपला तेव्हा जाऊबाई काहीच बोलल्या नाहीत. उठल्या, कुकर लावायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीने विचारलं, "वहिनी, भाजी कुठली करू?"

"तू म्हणशील..." म्हणता म्हणता त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "भरली वांगी कर. आणि दाण्याचं कूट कमी घाल गं जरा. फार घालतेस तू."

बावीस वर्षं त्या माझ्या हातची भरली वांगी मुकाट्याने खात होत्या!